तळ्यावरची काठी

१९९० साल. हरमटनचा कोरडा वारा त्या वर्षी लवकर सुटला आणि आमच्या कुओनयिर गावचं तळं जानेवारीतच निम्म्यावर आलं. त्याच मोसमात मी एका माणसाला काठीने मारलं आणि नवव्या दिवशी तो मेला. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात आज ही गोष्ट सांगणारे त्यातली माझी काठी गाळतात. म्हातारी झाले म्हणून दया करतात. ती दया मला नको आहे.

माझं नाव अकोलपोका. मी फ्राफ्रा, आणि माझं सासर दागारा लोकांचं. माझा नवरा बेमिले तरुणपणी दक्षिणेकडच्या सोन्याच्या खाणीत कामाला होता. खाणीच्या फाटकाशी मी गवताच्या टोपल्या विकायची. त्याने तीन टोपल्या घेतल्या, चौथ्या दिवशी परत आला आणि म्हणाला, "तिन्ही गळतात." मी म्हटलं, "टोपलीत पाणी भरणारा दागाराच असणार." तिथेच आमचं जमलं.

कारण फ्राफ्रा आणि दागारा यांच्यात थट्टेचं नातं आहे. कुठल्या काळी दोन आजोबांचं एका कुत्र्याच्या मुंडक्यावरून भांडण झालं म्हणे, तेव्हापासून. या नात्यात समोरच्याला काहीही बोलता येतं. त्याच्या ताटातलं मांस उचलता येतं, डोक्यावरची टोपी पळवता येते. त्याच्या घरी मयत झालं तर आपण जाऊन प्रेताला मिठी मारून पडायचं आणि ओरडायचं, "हा आता माझा!" मग मागू ते दिल्याखेरीज घरच्यांना प्रेताला बोट लावता येत नाही. माझे सासरे गेले तेव्हा मी सून असूनही फ्राफ्रा म्हणून त्यांच्या प्रेतावर आडवी पडले होते आणि दोन कोंबड्या घेऊन उठले होते. रडता रडता लोक हसतात. नात्याचे नियम दोनच. रागवायचं नाही, आणि एकमेकांचं रक्त सांडायचं नाही. रक्त सांडलं तर जमीन कोपते.

तर अशी मी सगळ्या गावाची थट्टेची सोयरी. बारा वर्षं मी त्या गावात हसण्याचा विषय होते, आणि खरं सांगायचं तर सुखात होते. ज्वारीची दारू, पितो, उकळायला घातली की बायका मलाच चव घ्यायला बोलवायच्या, "ये गं कुत्रं खाणारे, तुझ्या जिभेला काय कळतंय बघू." त्या पितोचा आंबूस वास मला अजून कधी कधी उगाचच येतो.

आणि त्या गावात नारू होता. ज्याने पाहिला नाही त्याला काय सांगायचं? पायावर फोड येतो, कोणी निखारा ठेवल्यासारखा जळतो. फोड फुटला की आत पांढऱ्या दोऱ्याचं टोक दिसतं. तो दोरा जिवंत असतो. त्याला काडीवर गुंडाळायचं, रोज दोन बोटं, धीराने. ओढायचं नाही. तुटला तर उरलेला आत परततो आणि मांस नासवतो. हाताएवढा लांब नारू निघायला महिना लागतो, आणि तो महिना जाळतो. गार पाण्यात पाय घातला की आग विझते. म्हणून जो तो तळ्यात पाय घालून बसायचा. तेच तळं आम्ही प्यायचो. दुसरं पाणी दोन कोसांत नव्हतं.

माझ्या थोरल्या आयुओला आदल्या वर्षी गुडघ्याच्या मागे नारू निघाला. बरी झाली, पण पाय दुमडला तो दुमडलाच. नऊ वर्षांची पोर चिमणीसारखी उड्या मारत चालायची. धाकटी फिलो चार वर्षांची होती. तिच्या गुळगुळीत पोटऱ्यांवरून मी रोज हात फिरवायची आणि मनात म्हणायची, एकीचा गेला, हिचा जाऊ देणार नाही. बाकी त्या वर्षीचं माझं सगळं वागणं या एका वाक्यातून आलं.

आरोग्य खात्याचा सिल्वानुस मोटारसायकलवरून यायचा. त्याच मुलखातला, चष्मेवाला, हडकुळा. त्याने पाणी गाळायला पांढरं कापड वाटलं. बायकांनी त्याचे डोक्याला बांधायचे रुमाल केले. मग त्याने तळ्याचं पाणी बाटलीत भरून भिंगाखाली दाखवलं. त्यात टिपक्याएवढे किडे उड्या मारत होते. तो म्हणाला, "नारूवाला पाय पाण्यात गेला की नारू पिल्लं सोडतो. हे किडे ती पिल्लं खातात, तुम्ही हे किडे पिता. वर्षाने तुमच्या पायातून नारू. आज जो निघतोय तो तुम्ही गेल्या वर्षी प्यायलेला आहे." मग त्याने तळ्यात टाकायच्या औषधाची बाटली काढली.

कोनकुरी म्हातारा जमिनीचा पुजारी होता. तळं त्याच्या अखत्यारीतलं. तो बाटलीकडे बघत म्हणाला, "औषध आजाऱ्याला देतात. तळं आजारी आहे का ते तळ्याला विचारावं लागेल. ते लवकर उत्तर देत नाही."

"मग निदान राखण तरी ठेवा, बाबा," सिल्वानुस काकुळतीला आला. "एकच मोसम. पाऊस येईपर्यंत नारूवाला एकही पाय पाण्यात गेला नाही, तर पुढच्या वर्षी या गावात नारू नसेल."

कोण राखणार? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भावाने भावाला पाण्यापासून अडवलं तर दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी निघतील. मग कोनकुरीची नजर माझ्यावर आली आणि त्याचे उरलेसुरले चार दात दिसले.

"हिला बसवा. या फ्राफ्रीवर कोण रागवणार? रागवला तो दागारा नव्हे."

गाव पोट धरधरून हसलं. मीही हसले. बेमिलेने मला शिया झाडाच्या लाकडाची काठी तासून दिली, मनगटाएवढी जाड.

पहिला आठवडा मजेत गेला. मी बांधावर टोपल्या विणत बसायची आणि येणाऱ्याचे पाय बघायची. पाय बरा असेल तर जा, भरा. जखम असेल तर घागर माझ्याकडे द्या, मी भरून देते.

"अगं ए फ्राफ्रे, तळ्याची मालकीण झालीस की काय? उद्या म्हणशील, पाऊसही मला विचारून पाडा!"

"तुझ्या पायाचा वास बघून पाऊसच पळालाय रे. मी काय करू?"

असं चालायचं. मी काठी जमिनीवर आपटायची, लोक खोटं खोटं घाबरून पळायचे.

पण मग आग वाढली. दिवस तापू लागले, नारू निघू लागले. पंधरा जण, मग तीस. दुसऱ्या आठवड्यात काठी पिंढऱ्यांवर बसू लागली. तिसऱ्या आठवड्यात कुठेही. एक बाई घागरीआड पाय लपवून उतरली, मी घागर फोडली आणि खापरी तिच्या कपाळात घुसली. एका माणसाचं करंगळीचं हाड मोडलं. एकाला मी केस धरून चिखलातून ओढलं, तो गुरासारखा हंबरत होता. आणि तरी दुसऱ्या दिवशी ही माणसं मला बघून हसायची, कारण रागवायचं नव्हतं. "काय पेहेलवान, आज कोणाचं मुंडकं?" हसताना त्यांचे डोळे हसत नाहीत हे मी पाहिलं होतं. पाहून सोडून दिलं. नात्याच्या पोटात सगळं मावतं असं मला वाटलं. आणि एक गोष्ट मी बेमिलेलाही कधी सांगितली नाही. मला ते आवडायला लागलं होतं. हातात काठी, पुढून पळणारी माणसं. संध्याकाळी घरी जाताना माझा दंड दुखायचा आणि मी त्या दुखण्यावर खूश असायची.

झिएम माझा सगळ्यात लाडका थट्टेचा सोयरा. गावचा वादक. मयताला लाकडी पट्ट्यांचं वाद्य तोच वाजवायचा, आणि तो वाजवायला लागला की मेलेला माणूस काय काय करून गेला ते सगळं कळायचं. दांडगा, पोट सुटलेला, बडबड्या. त्या वर्षी त्याच्या एका पायात चार नारू निघाले. टाचेत एक, घोट्याला दोन, पोटरीत एक. चार काड्या पायाला बांधून तो रोज काठी टेकत बांधावर यायचा आणि माझ्यापासून दहा पावलांवर बसून तळ्याकडे बघायचा.

"फ्राफ्रे, तुझा नवरा तुला झोपेत घाबरत असेल."

"तू तुझं बघ. पायात गवत उगवलंय तुझ्या. शेळ्या चरतील."

"नुसतं बघू दे गं पाण्याकडे. बघण्याने पिल्लं होत नाहीत ना?"

मी त्याला म्हटलं, "मडक्यात पाणी आणते, त्यात पाय घाल. पाणी मग लांब नेऊन ओतते."

त्याने तोंड वाकडं केलं. "मी काय बाळंतीण आहे मडक्यात पाय घालून बसायला? सगळं गाव वाद्यासमोर मला काय म्हणेल?"

मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं. भरून आणून त्याच्या पायावर ओतायला हवं होतं, विचारल्याशिवाय. काठी चालवताना मी कधी कोणाला विचारत होते?

त्या दिवशी बाजार होता. आमचा बाजार दर सहाव्या दिवशी. गाव रिकामं होतं, ऊन डोक्यावर. राखण सुरू होऊन सदतीस दिवस झाले होते आणि सदतीस दिवसांत एकही दुखरा पाय पाण्यात गेला नव्हता. मी टोपलीचा काठ वळत होते. मान वर केली तर झिएम जागेवर नव्हता.

तो पलीकडच्या बाजूने, बोरूच्या आडून, चिखलात गुडघ्यांवर रांगत चालला होता. काठी फेकून दिलेली. मी धावले.

"झिएम! मागे फीर!"

"एकदाच," तो म्हणाला. चेहरा घामाने आणि अश्रूंनी चिकट झाला होता. "एकदाच, फ्राफ्रे. श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ."

मी त्याच्या पाठीत काठी घातली. तो थांबला नाही. खांद्यावर घातली. त्याने काठी पकडली आणि मला असं हिसडलं की मी तोंडावर चिखलात पडले, दात ओठात घुसले. तो उठला. माझ्या अंगावरून पाय टाकून निघाला. पाण्यापासून एक हात. तेवढंच अंतर होतं. तो हसत होता की रडत होता मला माहीत नाही. मी पडल्या पडल्या दोन्ही हातांनी काठी फिरवली, आणि ती कुठे बसेल ते मी बघितलं होतं. हे मी नीट सांगते: बघितलं होतं. पोटरीवर, जिथे काडी बांधली होती तिथेच.

काडी मोडल्याचा बारीक आवाज आला. मग झिएमचा. तो आवाज मी सांगत नाही. तो आडवा कोसळला, मी त्याच्यावर चढले, आणि तो हलायचा थांबेपर्यंत त्याच्या मांड्यांवर, कुल्ल्यांवर, हातांवर मारत राहिले. थांबले तेव्हा पोटरी उघडी पडली होती. रक्त काळ्या चिखलात उतरत होतं आणि नारूचं तुटलेलं टोक आत, मांसात, ओढलं जाताना मी पाहिलं.

त्याचा पाय पाण्याला लागला नाही.

संध्याकाळी बेमिलेने माझा ओठ धुतला. तो कमी बोलणारा. त्याने एवढंच विचारलं, "तू थट्टा करत होतीस की मारत होतीस?"

मी म्हटलं, "तळं वाचलं."

"मी ते नाही विचारलं."

तिसऱ्या दिवशी झिएमचा पाय भोपळ्यासारखा फुगला. पाचव्या दिवशी वास यायला लागला. सिल्वानुस आला, पाय बघून म्हणाला, गाढवगाडीत घाला, दवाखान्यात न्या. झिएम म्हणाला, "तिथे पाय कापतात. बसून वाजवायला पाय लागत नाहीत हे खरं, पण मयताच्या घरी चालत जावं लागतं." त्याच्या भावांनी शेण आणि पाला बांधला. पाय काळा पडला.

सातव्या दिवशी सकाळी ते आले. मी तळ्यावर होते. राखण मी एक दिवसही सोडली नव्हती. पुढे झिएमचा धाकटा भाऊ दाकुरा, रेड्यासारखा रुंद. मागे दोघं चुलतभाऊ, चटईवर झिएमला उचलून. आणि दाकुराच्या हातात गुरांचा दोर होता, दोराच्या टोकाला माझा नवरा. हात मागे बांधलेले, नाकातून रक्त. त्यांच्या मागे सगळं गाव. बायकांच्या घोळक्यात आयुओ एका पायावर उड्या मारत येत होती, कडेवर फिलोला घेऊन.

दाकुराने बेमिलेला माझ्यासमोर गुडघ्यांवर पाडलं.

"वहिनी," तो म्हणाला. बारा वर्षांत त्याने मला कधी वहिनी म्हटलं नव्हतं, नेहमी कुत्रं खाणारी. तेव्हाच मला कळलं, थट्टा संपली. "वहिनी, माझा भाऊ मरतोय. त्याला पाय पाण्यात घालायचाय. बाजूला हो."

"मडक्यात—"

"मडकं नको. तळं. तू याच तळ्यावर त्याचं रक्त सांडलंस."

"मग मला मार."

"तुला?" तो थुंकला. "तू फ्राफ्रा. तुला हात लावला तर माझं पीक जळेल, माझी गुरं मरतील. तुला ते माहीत आहे, म्हणूनच एवढी काठी चालली तुझी. पण हा—" त्याने बेमिलेचं डोकं केसांना धरून वर केलं. "हा आमच्याच मातीचा आहे. याला मारायला मला कोणाची बंदी आहे?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं. नातं मला सांभाळत होतं, आणि माझ्या घरात झोपणाऱ्या माणसाला त्या नात्याचा धागाही झाकत नव्हता. सदतीस दिवस जी जी काठी मी चालवली, ती दाकुरा मनात मोजत राहिला असणार. तो सगळा हिशोब बेमिलेच्या नावावर चढला होता.

त्याने कुदळीच्या दांड्याने बेमिलेच्या कोपरावर मारलं. हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. बेमिले ओरडला नाही, नुसता भुंकल्यासारखा श्वास सोडला.

"बाजूला हो."

मी तळ्याकडे पाठ करून उभी होते. समोर माझा नवरा, त्याच्या मागे माझ्या दोन पोरी. आयुओचा दुमडलेला पाय, फिलोचे दोन्ही सरळ. मी म्हटलं, "नाही."

दाकुराने दांडा फिरवला आणि तो बेमिलेच्या डोळ्यावर बसला. डोळा गेला. माझ्या त्या एका शब्दाने गेला. दाकुराचा हात होता, पण शब्द माझा. त्याने दांडा पुन्हा उचलला, या वेळी सरळ डोक्यावर, आणि मला कळलं की तिसरा घाव शेवटचा.

मी काठी टाकली. धावत जाऊन बेमिलेच्या अंगावर पडले, त्याला चिखलात आडवा केला, चारही हातापायांनी कवटाळला आणि मयताच्या घरी ओरडतात तशी ओरडले, "मेला! मेला गं बायांनो! हा आता माझा! मी फ्राफ्रा, मी याला घेतला! हात लावेल त्याने आधी सोडवून घ्यावा!"

दाकुराचा दांडा वरच राहिला. "तो जिवंत आहे," तो म्हणाला.

"तुझा काका मेला तेव्हा तोही जिवंतच वाटत होता. बघ तरी, मेल्यावर पहिल्यांदा घाम आला होता त्याला. जन्मात कधी काम केलं असेल तर शपथ!"

मागे कोणीतरी म्हातारी फिसकन हसली. हसायचं नव्हतं तिला, तोंडावर हात ठेवला, पण हसू सुटलं. दुसरी हसली. माझ्याखाली बेमिले थरथरत होता, त्याचं रक्त माझ्या मानेवरून वाहत होतं, आणि मी बडबडत होते, काय वाटेल ते, दाकुराच्या आज्याबद्दल, दाकुराच्या शेळ्यांबद्दल. दाकुराच्या मनगटाच्या शिरा टरारल्या होत्या. दांडा खाली आला असता तर माझ्यावर आला असता. तो मारणार होता. मी त्याचे डोळे पाहिले.

तेव्हा चटईवरून झिएमचा आवाज आला. बारीक, पण सगळ्यांना ओळखीचा.

"दाकुरा, अडाण्या. प्रेत तिने धरलंय. आता काय करायचं ते तुला बाबांनी शिकवलं नाही का?"

"दादा, पण तुझा पाय—"

"प्रेतं दोन आहेत," झिएम म्हणाला. "ए फ्राफ्रे. एकावर काय भागतंय तुझं? माझंही घे."

मी बेमिलेला न सोडता चिखलातून सरपटत गेले आणि एक हात झिएमच्या छातीवर टाकला. छाती चुलीसारखी तापली होती.

कोनकुरी म्हाताऱ्याने खाकरून विचारलं, "बोल, फ्राफ्रे. दोन्ही सोडवायला काय मागतेस?"

"पाऊस येईपर्यंत या तळ्यात एकही दुखरा पाय नको. हे मागते. कोंबडी नको."

म्हाताऱ्याने दाकुराकडे पाहिलं. दाकुराने दांडा टाकला, मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी चिखल स्वतःच्या डोक्यावर ओढून घेत हमसून रडू लागला. रडता रडता मान हलवली. दिलं.

मग झिएमला आम्ही शियाच्या झाडाखाली नेलं, तळ्यापासून लांब. बायका पाणी आणत राहिल्या, मी भोपळ्याच्या वाटीने त्याच्या पायावर ओतत राहिले. पाणी कोरड्या जमिनीत जिरत होतं. किती वाट्या झाल्या कोणास ठाऊक.

"गार आहे," तो म्हणाला. "आधी का नाही ओतलंस?"

"तू म्हणालास, मी बाळंतीण आहे का."

"दागाराचं ऐकतं का कोणी?"

तो हसला. मला हसता आलं नाही, तर म्हणाला, "रागावलीस? हरलीस मग."

दोन दिवसांनी तो गेला. आमच्याकडे प्रेताला सजवून उंच माचावर बसवतात. त्याचं वाद्य त्या दिवशी दाकुराने वाजवलं, आणि वाईट वाजवलं. मला जावंच लागलं. सांडलेल्या रक्ताने कोपलेली जमीन शांत व्हावी म्हणून कोनकुरीने माझ्या आणि दाकुराच्या हातांवर राख शिंपडली, कोंबडी कापली, आणि मला पुढे ढकललं. थट्टेच्या सोयऱ्याने थट्टा केली नाही तर मेलेल्याला वाट सापडत नाही. माझ्या काठीने मेलेल्या माणसासमोर मी उभी राहिले आणि म्हणाले, "ऊठ रे आळशा. तुझा भाऊ चुकीचं वाजवतोय, लोकांना वाटेल शेळी मेली." लोक हसले, लोक रडले. दाकुराने वाजवणं थांबवलं नाही. मी तिथेच माचाखाली बसले, वाजवणं संपेपर्यंत.

शेवटी पाऊस आला. काठी मी त्याच दिवशी चुलीत घातली. शियाचं लाकूड सावकाश जळतं. ज्वारीचा सबंध घाटा तिच्यावर शिजला आणि आम्ही तो खाल्ला.

पुढच्या वर्षी गावात तिघांना नारू निघाला, तिघंही परगावी पाणी प्यायलेले. त्याच्या पुढच्या वर्षी कोणालाच नाही. तळ्याने कोनकुरीला उत्तर द्यायला दोन वर्षं घेतली. मग त्याने औषध टाकू दिलं आणि त्याच उन्हाळ्यात झोपेत गेला. आता तिथे पंप आहे, तळ्यात गुरं बसतात.

सिल्वानुस मोठा साहेब झाला. सभांमध्ये आमच्या गावची गोष्ट सांगायचा, "एका बाईने हसत हसत तळं वाचवलं" म्हणून. निवृत्त झाल्यावर एकदा भेटायला आला. मी म्हटलं, काठी का गाळतोस? तो म्हणाला, "काकू, काठी सांगितली तर लोक तेवढंच उचलतील." असेलही.

दाकुराने पुढच्या दोन मोसमांत राखण स्वतः मागून घेतली. तो काठी ठेवत नसे. मोठं मडकं आणि वाटी घेऊन बसायचा, आणि गावचा असो वा परगावचा, दुखरा पाय दिसला की न विचारता पाणी ओतायचा. लोक शिव्या देत पाय पुढे करायचे. वाद्य तो कधीच नीट शिकला नाही.

आयुओचा पाय सरळ झाला नाही. ती मोठ्या गावात शिवणकाम करते. मशीन एकाच पायाने चालवते आणि तिघांची आई आहे. फिलो शिक्षिका आहे. तिला कधी नारू झाला नाही. तिची मुलं मला विचारतात, नारू म्हणजे काय, आणि मी सांगितलं की हसतात, आजी गोष्टी रचते म्हणून.

बेमिले आणखी एकोणीस वर्षं जगला, एका डोळ्याने आणि वाकड्या कोपराने. त्या एका शब्दाबद्दल त्याने मला कधी विचारलं नाही. फिलो धावत अंगणात आली की तो तिच्याकडे तोंड वळवायचा, चांगला डोळा तिच्या बाजूला येईल असं. मला वाटतं तेच त्याचं बोलणं होतं. तो गेला तेव्हा माझ्या माहेराहून फ्राफ्रा मंडळी आली, प्रेत धरायला पुढे झाली. तेवढ्यात दाकुरा, म्हातारा झालेला, हातात कोंबडी घेऊन त्यांच्या आडवा उभा राहिला.

"मागे व्हा," तो म्हणाला. "हा आधीच घेतलेला आहे. हिने. मी होतो तिथे."